काशाच्या वाटीचा गेटपास

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. आमच्याकडे पितळेची बुशिंगं, म्हणजे यंत्राच्या दांड्यावर बसणारी कडी, बनतात. त्यातलं कुठलं बुशिंग गिऱ्हाइकाकडे जायचं आणि कुठलं लाल डब्यात, हे माझ्या सहीनं ठरतं. असल्या कामानं माणसाचा स्वभाव बिघडतो. मेथीची जुडीसुद्धा मी आधी उलटी करून, देठं मोडून बघते आणि मगच पिशवीत टाकते. नवऱ्यानं फोनवर "पाच मिनिटांत पोचतो" म्हटलं की मी विचारते, "आत्ता नेमका कुठल्या चौकात आहेस?" लग्नाला बारा वर्षं झाली, बिचारा आता स्वतःहूनच चौक सांगतो.

अशा माझ्या नशिबी सासूबाई आल्या त्या काशाच्या वाटीवाल्या. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. तळपायाला तूप लावायचं आणि काशाच्या वाटीच्या बुडानं घासत राहायचं, एवढाच तो उद्योग. पाच-सात मिनिटांत तळपाय काळे व्हायला लागतात आणि पायांचा मालक पेंगायला लागतो. सासूबाई जुन्या मोशीच्या. आमची सोसायटी जिथं उभी आहे तिथं त्यांनी स्वतः कांदे लावलेत. पण वाटी मात्र त्यांनी त्याच्याही आधी, माहेरी असताना, त्यांच्या चुलतीकडून शिकून घेतली. कुणाला झोप येत नाही, कुणाचे पाय जळजळतात, कुणाचं नुसतंच डोकं तापलंय, असे लोक संध्याकाळी आमच्या दारात चपला काढायचे. सासूबाई मांडीवर जुना टॉवेल टाकून पाटावर बसायच्या, आणि दहा मिनिटांत समोरचं माणूस भिंतीला टेकून घोरायचं.

माझं मत विचाराल तर ते पहिल्या दिवसापासून पक्कं होतं. ही मालिश आहे, मालिशनं बरं वाटतं, बाकीची सगळी बोलाचीच कढी. लोक काळ्या तळपायांचे फोटो काढायचे आणि "अंगातली उष्णता निघाली", "विष निघालं" असं एकमेकांना सांगायचे. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत ऐकायचे आणि गप्प बसायचे. घरात ऑडिट करायचं नाही, असं मी लग्नात स्वतःला वचन दिलं होतं. मेथी आणि नवरा हे दोन अपवाद.

मग आमच्या सोसायटीत आरोग्य दिन झाला. क्लबहाऊसमध्ये टेबलं मांडली होती. योगशिक्षिका होत्या, आहाराचा सल्ला देणारी एक मुलगी होती, आणि पितळी वाडगे वाजवून लोकांना शांत करणारे एक गृहस्थ होते. त्यांच्या टेबलावर सोनेरी शिक्क्याचं सर्टिफिकेट फ्रेम करून ठेवलेलं. शेजारच्या टेबलाशी आमच्या सासूबाई. नवं इरकल नेसून, वाटी चिंचेनं घासून लखलखीत करून आल्या होत्या. त्यांना कुणीतरी हौसेनं बोलावलं होतं. त्या गृहस्थांचा वाडगा घुमायला लागला होता, यांची वाटी अजून पिशवीतच होती, तेवढ्यात कमिटीतल्या एक बाई आल्या आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "आजी, तुमचं सर्टिफिकेट कुठल्या संस्थेचं?"

"कसलं?" सासूबाईंनी विचारलं.

"म्हणजे कुणाची मान्यता वगैरे? उद्या कुणाला काही झालं तर प्रश्न येतो हो. आपण पुढच्या वेळी नक्की बघू."

सासूबाईंनी वाटी पिशवीतून काढलीच नाही. घरी येऊन त्यांनी ती माळ्यावर पापडाच्या डब्यामागे ठेवली. दारात कुणी आलं की "बंद केलंय" एवढंच सांगायच्या. असे दोन महिने गेले. आणि नवल म्हणजे राग मला आला. त्या वाटीवर बारा वर्षांत माझा विश्वास बसला नव्हता, पण माझ्या घरातल्या मालावर बाहेरच्यानं रिजेक्टचा शिक्का मारावा हे मला खपेना. रिजेक्ट करायचं तर मी करीन.

एका रविवारी मी शेंगा सोलत बसले होते, तर सासूबाई समोर येऊन बसल्या.

"तुमच्या कंपनीत कागदाला लई मान हाय म्हनतीस ना?"

"आहे की, आई. कागदाशिवाय तिथं स्क्रूसुद्धा हलत नाही."

"मग मला एक कागद आन. मला काय येतं त्ये ल्हिलेला."

सासूबाईंनी बारा वर्षांत माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. साडीसुद्धा दिली की "आहेत की माझ्याकडं" म्हणून परत करायच्या. मी शेंगा तशाच ठेवून फोन हातात घेतला.

पिंपरीत एक संस्था निघाली. तीन दिवसांचा कोर्स, पण बारावी पास पाहिजे. आमच्या सासूबाई चौथी. शिवाय तिथं वाटी विजेच्या मशीनला लावलेली होती, आपण फक्त पाय ठेवायचा. मग ऑनलाइन एक सापडली. तिला कसलीच अट नव्हती. नाव कळवा, फी भरा, आंतरराष्ट्रीय मान्यता असलेलं सर्टिफिकेट लगेच. मी विचारलं, "मान्यता कुणाची?" पलीकडचा म्हणाला, "आंतरराष्ट्रीय." मी म्हटलं, "हो, पण कुणाची?" त्यानं फोन ठेवला. मी पुन्हा लावला, त्यानं पुन्हा ठेवला. हे सगळं सासूबाई ऐकत होत्या.

"म्हंजी पाय न बगताच कागद देत्यात?"

"न बघताच."

"मंग नको," त्या म्हणाल्या, आणि उरलेल्या शेंगा ओढून सोलायला लागल्या.

पुढच्याच महिन्यात कंपनीत आरोग्य सप्ताह निघाला. आमच्या एचआरची मुलगी नागपूरची, उत्साहाचं नुसतं कारंजं. मी सासूबाईंचं नाव काढताच तिनं टाळीच वाजवली. पण खरा शब्द होता कंपनीच्या डॉक्टरांचा. गोरेपान, कमी बोलणारे, आणि औषधाच्या चिठ्ठीवरचं अक्षर वाचता येणारे असे दुर्मिळ डॉक्टर. ते म्हणाले, "आठवडाभर करू द्या. मी तिथं बसून बघीन. ठीक वाटलं तर दर गुरुवारी त्यांना प्रथमोपचार केंद्रात जागा देऊ. तसं पत्रही देईन, लेटरहेडवर, माझ्या सहीनं." मी घरी येऊन सांगितलं. सासूबाईंनी स्टूल घेऊन माळ्यावरून वाटी काढली आणि चिंच भिजत घातली.

सोमवारी त्या माझ्यासोबत कंपनीच्या बसमधून आल्या आणि गेटवरच घोडं अडलं.

आमच्या कंपनीत पितळ बनतं, म्हणून पितळाची चोरीही होते. कुणी डब्यात, कुणी मोज्यात बारीकसारीक तुकडे लपवून नेतं. त्यामुळे पिवळ्या धातूचा नियम कडक. बाहेरून पिवळं काहीही आत आलं तर त्याचं वजन करून पास बनवायचा, आणि जाताना तेवढंच वजन भरलं तरच सोडायचं. गेटवरचे सिक्युरिटी ऑफिसर फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. त्यांनी सासूबाईंची पिशवी उघडली, टॉवेल उलगडला आणि वाटी उजेडात धरली.

"पिवळा धातू," ते म्हणाले.

"काशाची वाटी हाय बाबा ती," सासूबाई म्हणाल्या.

"काशात तांबं असतं, मावशी. तांबं म्हणजे पिवळा धातू. वजन होणार."

वजन स्टोअरच्या बारीक काट्यावर झालं. तो काटा इतका चोखंदळ आहे की जवळ कुणी शिंकलं तरी आकडा बदलतो. पासवर नोंद झाली, ‘काशाची वाटी, जुनी, नग एक’, आणि पुढे वजन, दशांशानंतर तीन आकड्यांसकट. कारणाच्या रकान्यात एचआरच्या मुलीनं ‘थेरपी’ असं लिहिलं. सासूबाईंनी ते मला वाचायला लावलं आणि पासचा फोटो काढायला लावला. वाटी आठवडाभर आतच राहणार होती, प्रथमोपचार केंद्राच्या कपाटात, कुलपात.

तो आठवडा आठवला की अजून मला हसू फुटतं. कँटीनच्या मागच्या खोलीत चार खुर्च्या मांडल्या. दाराशी पाण्याची बादली आणि साबण. सासूबाईंचे नियम तीन. पाय धुऊन यायचं, मोबाईल बंद, तोंड बंद. दिवसभर सेफ्टी शूजमध्ये शिजलेले मोजे बाहेर निघाले की खोलीत उभं राहवत नसे, पण त्यांचं नाक हललं नाही. पहिल्या दिवशी पोरं लाजत होती. आजीच्या वयाच्या बाईच्या हातात पाय कसा द्यायचा? फोर्कलिफ्टवाल्या चाचांनी तर आधी कान पकडले, मग पाय पुढे केला. मंगळवारपर्यंत रांग डिस्पॅचच्या दारापर्यंत गेली.

लातूरचा एक ऑपरेटर पाय देऊन दोनच मिनिटं झाली असतील, म्हणाला, "आज्जी, झोप यायलीय वो," आणि गेलाच. त्याचा सुपरवायझर शोधत आला तो तणतणत, "मशीन बंद आहे आणि हा इथं घोरतोय?" सासूबाईंनी वर न बघता शेजारच्या खुर्चीकडे बोट केलं. सुपरवायझर बसला. नंतर त्या दोघांना उठवायला तिसरा माणूस पाठवावा लागला, आणि तोही लवकर परत आला नाही. खोलीबाहेर सेफ्टी शूजचे जोड ओळीनं वाढत होते. आमच्या प्लँट हेडना सगळी कंपनी टरकून असते. सासूबाईंनी त्यांच्या भेगाळलेल्या टाचा बघितल्या आणि म्हणाल्या, "एवढी कंपनी सांभाळतोस आन् दोन टाचा न्हाई सांभाळता येत?" ते "नाही येत" म्हणाले आणि मुकाट्यानं दुसरा पाय पुढे केला.

मी दिवसातून चार-चार वेळा काहीतरी निमित्त काढून तिथं जायचे. नुसती दारात उभी राहायचे. माझ्या सासूबाई आहेत, असं न विचारणाऱ्यांनाही सांगायचे.

घोळ झाला तो पोस्टरचा. एचआरच्या मुलीनं बुधवारी कँटीनच्या भिंतीवर भलंमोठं पोस्टर लावलं. त्यात एक तळपाय, तळपायातून बाहेर पडणारे काळे बाण, आणि खाली ठळक अक्षरांत ‘शरीरातील विषारी द्रव्ये बाहेर टाका’. मी ते वाचलं. दाराच्या हँडलवरचा ओरखडा टिपणारी मी त्या पोस्टरसमोर चहा पीत उभी राहिले आणि अळीमिळी गुपचिळी. कारण पत्र शनिवारी मिळणार होतं. दोन-तीन दिवस बाण बाहेर पडले तर कुणाचं काय बिघडतंय, असं मी मनाला सांगितलं. डॉक्टरांनीही ते वाचलं. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "शनिवारी बोलू," एवढंच ते म्हणाले, आणि त्या रात्री माझी झोप उडाली.

शनिवारी दुपारी सासूबाई जायला निघाल्या. वाटी पुन्हा काट्यावर ठेवली आणि वजन कमी भरलं.

फार नाही. शेवटचे आकडे तेवढे बदलले होते. पण सुभेदारांना शेवटचे आकडेही पहिल्यांइतकेच प्रिय. त्यांनी वाटी पुसून पुन्हा ठेवली. मग साबणानं धुऊन, कोरडी करून ठेवली. पंखा बंद केला, सगळ्यांना दोन पावलं मागे उभं केलं, पुन्हा ठेवली. काटा आपल्या शब्दावर ठाम होता.

"माल कमी आहे, मॅडम," ते मला म्हणाले.

"अहो, घासून झिजली असेल."

"झीज असेल तर झीज लिहू. पण झीज म्हणजे स्क्रॅप. पिवळ्या धातूचं स्क्रॅप कंपनीत जमा व्हावं लागतं. स्क्रॅप कुठंय?"

मी विचार करायला लागले आणि मला एकदमच हसूही आलं, भीतीही वाटली. स्क्रॅप होतं कुठं? लातूरच्या पोराच्या तळपायावर, चाचांच्या तळपायावर, प्लँट हेडच्या भेगांत. आठवडाभर आमच्या कामगारांनी रोज संध्याकाळी सुभेदारांच्या डोळ्यांदेखत, मोज्यांच्या आतून, पिवळा धातू गेटबाहेर नेला होता. मी हे बोलून दाखवलं. सुभेदारांनी पेन खाली ठेवलं. मिशीखाली काहीतरी हललं, पण ते हसले असं मी शपथेवर सांगणार नाही.

"हे माझ्या अधिकारात नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टर आले. त्यांनी पास वाचला, काट्याचे आकडे बघितले, टॉवेलवरचे काळे डाग बघितले, आणि हुशार माणसाला लागतो तेवढाच वेळ त्यांना लागला.

"म्हणजे तळपायाला येतं ते काळं या वाटीचं आहे," ते म्हणाले. "शरीरातून काही निघत नाही."

सासूबाई माझ्या शेजारी पिशवी धरून उभ्या होत्या. मला एक पळवाट दिसत होती. काटा बिघडलाय, म्हणता आलं असतं. पण काट्यावर तपासणीचं स्टिकर होतं, दोन आठवड्यांपूर्वीचं, आणि त्या स्टिकरवर सही माझी होती. माझ्याच सहीनं मला धरलं.

"बरोबर आहे, सर," मी म्हणाले. "तूप, घाम आणि काशातलं तांबं. पोस्टर चूक आहे. मला बुधवारीच कळलं होतं. मी बोलले नाही."

हे बोलताना सासूबाईंकडे बघायचं धाडस माझ्यात नव्हतं. त्यांचा कागद मी माझ्या तोंडानं फाडला होता. पण बाजूनं आवाज आला तो अगदी नेहमीचा.

"वाटी झिजतीच की. ही माजी तिसरी हाय."

"काय?" मी आणि डॉक्टर एकदमच म्हणालो.

"चुलतीनं दिलेली पार पातळ झाली, मंग चिरली. दुसरी तुज्या नवऱ्याच्या जन्माच्या टायमाला घेतली, ती बी गेली. आता ही. काळं वाटीचंच असतंय. ताटावर घासली तर ताट बी काळं व्हतं. ताटात कुटलं इष आलंय?"

"आई, मग लोकांना सांगितलं का नाही?"

"मी कवा म्हनलं इष निगतं म्हून? त्ये तुमी शिकलेली मानसं म्हनता. मला कुनी इचारलंच न्हाई. मी म्हनती, पाय दे, गप बस, झोप."

डॉक्टर हसायला लागले. कमी बोलणारा माणूस हसायला लागला की थांबत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांचं बघून मी सुटले, स्टोअरचा क्लार्क सुटला. सुभेदारांनी तेवढी संधी साधून पासवर ‘वापरात झीज, स्क्रॅप परत मिळण्याजोगं नाही’ असं लिहिलं आणि सही केली.

प्रथमोपचार केंद्रात जाऊन डॉक्टरांनी तिथल्या तिथं पत्र लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचून दाखवलं. ‘काशाच्या वाटीने तळपायांची मालिश. आराम वाटतो. बऱ्याच जणांना झोप येते. तळपाय काळे होतात ते वाटीच्या धातूमुळे. याने कोणताही रोग बरा होत नाही. दर गुरुवारी केंद्रात करण्यास मान्यता आहे.’ शेवटून दुसऱ्या वाक्याला मी श्वास रोखला. एवढ्या खटाटोपानंतर हातात पडलेला कागद, आणि त्यात हे. सासूबाईंनी ते वाक्य परत वाचायला सांगितलं.

"त्ये जरा जाड अक्षरात करा, डाक्टर," त्या म्हणाल्या. "शुगरवाली मानसं गोळ्या सोडून माज्याकडं येत्यात. मी सांगून ऐकत न्हाईत. आता कागद दाखवीन."

डॉक्टरांनी ते वाक्य जाड केलं. मग कागद माझ्याकडे सरकवला. आमच्या कंपनीत नवीन काहीही मंजूर करायचं तर तळाशी एक रकाना असतो, ‘पडताळणी, स्वतः वापरून’, आणि तिथं सही क्वालिटीची.

"करा सही," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही तर घरचेच. शंभर वेळा करून घेतलं असेल."

मी पेन उघडलं आणि तशीच बसले. मी एकदाही करून घेतलं नव्हतं. विश्वास नव्हता म्हणून नव्हे, ते तर नंतरचं. पण सासूच्या हातात पाय द्यायचा? सणावाराला मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवते. सोफ्यावर चुकून माझा पाय त्यांना लागला तर हात आपोआप आधी त्यांना आणि मग माझ्या छातीला जातो. त्यांनी खाली बसायचं आणि मी खुर्चीत बसून पाय पुढे करायचा, हे माझ्या डोक्यात बारा वर्षांत एकदाही आलं नव्हतं. त्यांनीही कधी म्हटलं नव्हतं. मी हे डॉक्टरांना सांगितलं.

"मग सही कशी करणार?" त्यांनी विचारलं.

न बघता मी आयुष्यात सही केलेली नाही. ऑनलाइनवाल्याला ह्याच कारणावरून मी दोनदा फोन लावला होता.

"काड बूट," सासूबाई म्हणाल्या. त्या बसल्यासुद्धा होत्या, छोट्या स्टुलावर, मांडीवर टॉवेल. दारातून सुभेदारांचा आवाज आला, की पास अजून बंद झालेला नाही, घासून झालं की वाटी परत काट्यावर येऊ द्या.

डॉक्टर पडदा ओढून बाहेर गेले. मी सेफ्टी शूज काढले, मोजे काढले, पाय धुतले, आणि तरी पाय पुढे होईना. त्यांनी घोटा धरून ओढला. मी मागे घेतला आणि सवयीनं त्यांना नमस्कार केला. त्यांनी परत ओढला, मी परत नमस्कार केला.

"नमस्कार पुरे. तपासनीस हायस ना? मंग तपास."

वाटी तळपायाला लागली आणि मला ज्या गुदगुल्या झाल्या त्या सांगता येत नाहीत. मी खुर्चीत वाकडी झाले. हसू दाबायला गेले तर नाकातून भलताच आवाज आला. तो ऐकून सासूबाईंना हसू फुटलं, आणि त्या हसायला लागल्यावर वाटी कुठंही फिरायला लागली. बाहेरून डॉक्टरांनी विचारलं, "सगळं ठीक?" मी "हो" म्हणायला गेले आणि किंचाळले. शॉपफ्लोअरवर कुणीतरी मशीन बंद करून कान दिला, हे मला सोमवारी कळलं. मला झोप येण्याची काही शक्यता नव्हती. मी अशी पोट धरून शाळेनंतर हसलेच नव्हते, आणि माझा पाय कुणाच्या मांडीवर आहे हे मी साफ विसरून गेले होते.

मग त्यांचा अंगठा करंगळीच्या खाली थांबला. तिथं मला कुरूप आहे, बुटानं झालेलं.

"ह्ये कवापासून?"

"झाली असतील चार-पाच वर्षं."

"चालताना दुखत असंल."

"दुखतं. सवय झालीय."

त्यांनी वाटी बाजूला ठेवली आणि माझा पाय दोन्ही हातांत धरून नीट उलटासुलटा बघितला. मी बुशिंग बघते तसा, घाई न करता.

"बारा वर्सं झाली तुला घरात येऊन," त्या म्हणाल्या. "कंपनीतल्या समद्यांचं पाय मला ठावं झालं. तुजं आज बगितलं."

माझं हसणं थांबलं. डोळे भरून आले, आणि मी ते पुसलेही नाहीत. त्यांनी तूप घेतलं आणि त्या कुरपाच्या भोवतीनं अंगठा हळूहळू फिरवायला लागल्या. आता गुदगुल्या होत नव्हत्या.

पाय पुसून झाल्यावर मी कागद ओढला आणि रकान्यात जे झालं तेच लिहिलं. ‘झोप आली नाही. आधी हसू आलं, मग रडू आलं. पाय हलका झाला आहे.’ खाली सही केली, तारीख घातली. पडद्याआडून डॉक्टरांनी हात पुढे केला, कागद वाचला, आणि टेबलावर शिक्का बसल्याचा आवाज आला.

"आई, झाला बघा तुमचा कागद," मी म्हणाले.

त्यांनी मान वर केली नाही. वाटीच्या बुडाला नवं तूप लावत होत्या.

"झाला तर ऱ्हाऊ दे तितं," त्या म्हणाल्या. "एकच पाय झालाय. दुसरा दे."